राम निजलाय, साचा उघडू नका

मी एक जुना साचा आहे. पोलादाचा, दोन भागांचा. खाली वाटी आणि वरून तिच्यात बरोबर बसणारा दट्ट्या. मित्रांनो, माझी हकिगत तुम्हांला सांगायला मी तयार आहे, पण आधीच बजावून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. तुम्ही खरेच ऐकता आहात की नुसती मान हलवता आहात, हे मी मधूनमधून पाहत राहणार. राग मानू नका. ज्याचे दोन भाग केसाएवढीही फट न ठेवता एकमेकांवर बसावे लागतात, आणि फट राहिली तर ज्याचे सगळे काम वाया जाते, त्याला कुणावर एकदम विश्वास टाकता येत नाही.

माझा जन्म मुंबईत, एका अंधाऱ्या कारखान्यातल्या लेथवर झाला. मला घडवणारा कारागीर फारसे बोलत नसे. माझे दोन्ही भाग जुळवून तो मला दिव्यासमोर धरायचा आणि एक डोळा मिटून पाहायचा. उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायला सुरुवात. पुन्हा दिवा, पुन्हा घासणे. अखेर एके दिवशी रेघ दिसली नाही. तेव्हा त्याने मला तेलाच्या फडक्यात गुंडाळले आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आता यात शिरायचं तर वाऱ्यानंसुद्धा परवानगी मागावी." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मी अजून ती जपून ठेवली आहे.

मला विकत घेतले सोलापूरच्या मुकुंदरावांनी. हे गृहस्थ पूर्वी शाळेत शास्त्र शिकवत. मुंबईला एकदा त्यांनी बेकेलाइटचे दिव्याचे बटण पाहिले आणि तेव्हापासून त्यांना झोप लागेना. काळे, चकचकीत, आगीला न भिणारे, विजेला वाट न देणारे हे नवे द्रव्य आपल्या गावात का होऊ नये, असे त्यांच्या मनाने घेतले. गिरण्यांत नवे विजेचे दिवे लागत होते. प्रत्येक दिव्याला बटण आणि प्रत्येक बटणाला वरून एक टोपी हवी होती. ती टोपी माझ्यातून निघायची होती.

आगगाडीने आम्ही सोलापूरला निघालो. जेऊरला गाडी बराच वेळ थांबली, आणि एका पोलीस शिपायाने मुकुंदरावांच्या मांडीवरचे जड गाठोडे सोडायला लावले. ते दिवसच तसे होते. आदल्या साली सोलापुरात लष्करी कायदा लागला होता आणि डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी माणसाला चौकीत नेत होते.

"हे काय?" शिपायाने विचारले.

"साचा आहे."

"खोटी नाणी पाडायचा?"

"नाही हो. टोप्या करायचा."

शिपायाने माझ्याकडे पाहिले, मग मुकुंदरावांच्या डोक्याकडे पाहिले. "टोप्या करता आणि वर सांगता?" तो म्हणाला.

विजेच्या बटणाला टोपी असते हे त्याला समजावता समजावता गाडीने शिटी दिली, म्हणून आम्ही सुटलो. तर मित्रांनो, सोलापुरात पाऊल टाकण्याआधीच मी संशयित ठरलो होतो.

साखर पेठेमागच्या गल्लीत मुकुंदरावांची पत्र्याची शेड होती. शेजारी हातमागांची खटखट, मागावर बसलेल्यांचे तेलुगू बोलणे, आणि गिरणीचा भोंगा वाजला की सगळ्या गल्लीची धावपळ. शेडमध्ये एक हाताने फिरवायच्या चाकाचे दाबयंत्र होते, खाली स्टोव्ह होते, एक तराजू होता आणि एक थर्मामीटर. मुकुंदराव या थर्मामीटरला देवासारखे जपत. भिंतीवर त्यांनी एक घड्याळही लावले होते, पण शेडमधली बारीक धूळ त्याच्या चाकांत गेली आणि ते कायमचे थांबले.

आता माझ्यात काय घडे ते सांगतो. कार्बोलिक आणि फॉर्मालिन यांच्यापासून केलेली राळ, तिच्यात लाकडाचा भुगा, अशी ती काळी भुकटी असे. ती तोलून माझ्या वाटीत घालायची, वरून मला मिटवायचे आणि चाक फिरवून आवळायचे. माझ्या उष्णतेने भुकटी आधी मधासारखी पातळ होते आणि माझ्या कोनाकोपऱ्यांत पसरते. मग तिचे कण एकमेकांचा हात धरू लागतात. कीर्तनाला माणसे कशी एकेकटी येतात, कुणी खांबाशी, कुणी दाराशी बसतो, आणि शेवटच्या गजराला सगळा मंडप एक होऊन टाळी वाजवतो, तसे. फरक एवढाच, की मंडपातली माणसे प्रसाद घेऊन घरी जातात, आणि माझ्यातल्या कणांचा एकदा जुळलेला हात पुन्हा सुटत नाही. गूळ तापवला की वितळतो, लाख वितळते; ही राळ एकदा धरली की वितळायची नाही.

म्हणून तर सांभाळायचे असते. भुकटी कमी पडली तर टोपीचा काठ उणा. जास्त झाली तर कडेने जाड पापुद्रा. ताप चढला तर करपून ठिसूळ, उतरला तर आजारी. मधेच एकदा मला जरासे सैल करून आतली वाफ सोडायची, त्याला आमच्याकडे 'साच्याचा सुस्कारा' म्हणत. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे थांबणे. कणांचे हात जुळेपर्यंत मला उघडायचे नाही. घाईने उघडले तर वरून टोपी छान दिसते, आत मात्र कच्ची राहते. आणि कच्चेपणा बाहेरून दिसत नाही, हीच तर त्यातली फसवणूक.

हे चाक फिरवायला बिरप्पा होता. सांगोल्याकडच्या कोरड्या मुलखातला धनगर. एका दुष्काळात मेंढरे गेली तसा तो बायकोला घेऊन शहरात आला. त्याची बायको मायाक्का टोप्यांच्या कडा कानशीने घासून साफ करी. बिरप्पाचा आवाज माळरानावरचा, मोकळा. संध्याकाळी राममंदिरात कीर्तन असले की तो चपलांपाशी बसायचा, पण पद त्याला पुढे बसणाऱ्यांच्या आधी पाठ व्हायचे. गावातल्या म्हाताऱ्या बुवांचे एक पद त्याच्या जिभेवर कायम असे. रामजन्म झाला आहे, बाळ नुकते निजले आहे, आणि कौसल्या दासीला सांगते आहे:

दार नको उघडू, सखे, दार नको उघडू,
आत राम निजला माझा, दार नको उघडू.

मुकुंदराव पहिले काही दिवस खिशातले घड्याळ हातात धरून माझ्यापाशी उभे राहिले. वडिलांचे घड्याळ ते, साखळीचे. त्यांच्या लक्षात आले, की मला आवळल्यावर बिरप्पा ते पद धरतो, आणि सगळी कडवी होऊन धृपद शेवटचे म्हणून होते तेव्हा काटा नेमका हवा तिथे आलेला असतो. एकदा झाले, पुन्हा झाले, रोज होऊ लागले. ऑर्डरी आणायला मुकुंदरावांना गिरण्यांत हिंडावे लागे आणि घड्याळ त्यांच्याबरोबर जाई. त्यांनी बिरप्पाला सांगितले, "पद संपलं की साचा उघडायचा. आधी नाही, नंतर नाही."

"रामाची झोप मोडायची न्हाई, आसंच की?" बिरप्पा म्हणाला.

"तसंच."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. माझ्यातून निघणारी टोपी अशी असे, की तिच्यात खिडकी दिसे. गिरणीच्या भांडाराचे मडिवाळप्पा माल घ्यायला येत तेव्हा टोपी टेबलावर टाकून कान देत. खण्ण असा आवाज आला की म्हणत, "हे बघा, बोलतंय." मग माझ्याकडे वळून मान डोलवत. अबोल वस्तूची कुणी अशी दखल घेतली की बरे वाटते. तरी मी प्रत्येक खेपेला भुकटीचा संशय घेत होतोच. स्वभाव कुठे जाणार?

त्या वर्षी रामनवरात्रात आपले म्हातारे बुवा आजारी पडले आणि लांबून एक नवे बुवा आले. तरुण होते, पेटी सुरेख वाजवत. मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणतात. गावभर त्यांच्याच चाली. विहिरीवर त्याच, मागावर त्याच. बिरप्पाही रामनवमीनंतर खुशीत दिसू लागला. चाकाशी उभा असताना आता तो पायाने ताल धरायचा.

आणि त्याच सुमारास माझ्यात काहीतरी बिघडले. मला ते कळत होते. आतले कण अजून एकमेकांचा हात चाचपडत आहेत, आणि दार उघडते आहे. कच्चे निघते आहे, हे समजत होते. का, ते समजत नव्हते. मला घड्याळ कुठे वाचता येते? आणि बोलताही येत नाही. साच्याची भाषा म्हणजे त्याच्यातून निघणारी वस्तू, आणि ती तर वरून चकचकीत होती. मी भुकटीवर संशय घेतला, स्टोव्हवर घेतला, सोलापूरच्या उन्हाळ्यावर घेतला. मायाक्का वाटी पुसायला आली तरी मी तिच्या फडक्याकडे वाकडे पाहत होतो.

वैशाखात मडिवाळप्पा पोते घेऊन आले. टेबलावर त्यांनी ते उपडे केले. टोप्या होत्या, माझ्याच. काहींवर फोड, काहींना भेगा. त्यांनी एकीचा काठ अंगठ्याने दाबला आणि तुकडा पडला.

"मुकुंदराव, हे टोपी म्हणून दिलात की पापड म्हणून?"

मुकुंदरावांनी तो तुकडा उचलून उलटसुलट पाहिला.

"आमच्या मागखात्यातली शरणम्मा दिवा लावायला गेली," मडिवाळप्पा सांगू लागले. "टोपी फुटली, बोट आत गेलं. बाई तिथंच खाली बसली की. देवाची दया, जीव हाय. बोटं अजून सुन्न हायेत तिची. साहेब म्हणतो, ह्यात भेसळ हाय. कोण केलं ते बाजाराच्या दिवसाच्या आत सांगा, नायतर आमी फौजदाराकडं जातो."

ते गेल्यावर शेडमध्ये तपासणी सुरू झाली. मुकुंदरावांनी भुकटीचा बंद डबा फोडला, हुंगला, चिमूटभर तव्यावर तापवून पाहिली. भुकटी चांगली होती. थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला, तो खरे बोलला. तराजूत वजने उलटसुलट घालून पाहिली, काटा मधोमध. यंत्रे अशी एकेक करून निर्दोष सुटली, आणि मग मुकुंदरावांची नजर माणसांकडे वळली. मी ती वळताना पाहिली. तो माणूस वाईट नव्हता. पण संशय ही अशी गोष्ट आहे, की बसायला जागा मिळाली नाही की जवळ जो असेल त्याच्या डोक्यावर बसते.

संध्याकाळी मायाक्का घरी निघाली. तिच्या पदराला गाठ होती.

"पदरात काय आहे?" मुकुंदरावांनी विचारले.

"भुसा हाय की, मालक. तुमचाच. कानशीखाली पडतो त्यो."

"घरी कशाला?"

"उंबऱ्याला टाकते. त्येच्या वासानं मुंग्या येत न्हाईत."

"सोड बघू."

तिने गाठ सोडली. घासताना पडलेला काळा भुसा होता तो, दुसरे काही नाही. मुकुंदरावांनी तो चिमटीत धरून चोळला. एरवी त्यांना भुसा आणि भुकटी यांतला फरक सहज कळला असता. त्या दिवशी कळला नाही.

"रोज नेतेस?"

"व्हय."

"म्हणजे रोज माल बाहेर जातो. मग डब्यातलं वजन भरायला राख कोण मिसळतं?"

बिरप्पाने चाक सोडले. "मालक, बाईला न्हाई इचारायचं. माजं नाव घ्या."

"तुझंच घेतो आहे."

मग बिरप्पा हळू म्हणाला, "मेंढरं राखली म्या. कळपात एक कमी भरलं की आदी मोजणी पुन्ना करायची, मग कुत्र्यावर काठी उगारायची. आमच्यात आसं हाय."

"सगळं मोजून झालं आहे," मुकुंदराव म्हणाले. "उद्या मडिवाळप्पांसमोर एक टोपी काढून दाखव. भुकटी मी स्वतः तोलून देईन. बघू तुझे हात."

मायाक्काने पदरातला भुसा तिथेच झटकला, एक कणही उरू नये असा झटकला, आणि नवऱ्याच्या मागून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमले. फौजदाराचे नाव घेतलेले, त्यामुळे कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. मायाक्का कोपऱ्यात बसली होती. नवरा कैदेत जाईल आणि शहरात आपण एकट्या उरू, हे भय तिच्या तोंडावर लिहिलेले होते. मुकुंदरावांनी भुकटी तोलली, माझ्यात घातली. बिरप्पाने मला आवळले. मुकुंदराव हात मागे बांधून त्याच्या बोटांकडे टक लावून उभे राहिले. नजर हातांवर, आणि घड्याळ खिशात.

बिरप्पा नेहमीप्रमाणे गुणगुणू लागला, पण भीतीने अगदी पुटपुटल्यासारखे. तेवढ्यात दारात मुकुंदरावांच्या आत्या आल्या. गोदावरीबाई. बालविधवा, घरात वडीलधाऱ्या त्याच, आणि राममंदिरात पहिल्या रांगेत त्यांची जागा ठरलेली. भाच्याला उन्हाचे कैरीचे पन्हे आणले होते. आतला रंग पाहून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

पद संपले. मला उघडले. टोपी बाहेर आली, चकाकत. मुकुंदरावांनी ती उकळत्या पाण्यात टाकली; वाईट माल तिथे लपत नाही. थोड्या वेळाने काढली तेव्हा तिच्यावर पांढुरके डाग होते आणि फोड आले होते.

"माझ्या डोळ्यांदेखत!" मुकुंदराव ओरडले. "माझी भुकटी, माझं वजन. हात चलाख आहे तुझा, बिरप्पा. उद्यापासून येऊ नकोस. बाकीचं मडिवाळप्पा आणि फौजदार पाहतील."

बिरप्पाने मान खाली घातली. मायाक्का कानशी गोळा करू लागली. त्या शेडच्या होत्या, म्हणून मोजून टेबलावर ठेवू लागली.

तेव्हा आत्याबाई बोलल्या. त्यांना भेसळीतले काही कळत नव्हते. त्यांना कीर्तनातले कळत होते.

"तुझा राग तुझ्यापाशी, मुकुंदा," त्या म्हणाल्या. "पण बिरप्पा, तुला मात्र मी विचारणार. निजलेल्या लेकराला असं दामटतात का रे? ही त्या नव्या बुवांची चाल."

अशा वेळीही बिरप्पाला उत्तर सुचले. "लई झ्याक चाल हाय, आत्याबाई. समदं गाव म्हनतंय."

"असेल झ्याक. पेटीवर बोटं नाचवायला बरी. पण आमचे बुवा एकेक ओळ अशी म्हणायचे, की पाळण्याची दोरी हातात आहे असं वाटावं. तू तर दासीला दार नको उघडू म्हणतोस, आणि तिनं ऐकायच्या आत स्वतःच उघडून मोकळा."

मुकुंदराव वळले. "काय म्हणालीस, आत्या?"

"दार उघडून मोकळा, म्हटलं."

मुकुंदरावांचा हात खिशाकडे गेला. घड्याळ बाहेर काढताना साखळी बटणात अडकली, ती त्यांनी जवळजवळ तोडलीच.

"बिरप्पा, पुन्हा म्हण. आता म्हटलंस तसंच."

बिरप्पाने म्हटले. काटा जिथे पोचायला हवा त्याच्या अर्ध्या वाटेवर पद संपले.

"आत्या, तू म्हण. जुन्या चालीवर."

"इथं? या परक्या माणसांपुढं?"

"इथंच. बिरप्पा, साचा भर."

मित्रांनो, मी राममंदिर कधी पाहिले नव्हते. पण त्या दुपारी कीर्तन माझ्यासाठी पत्र्याच्या शेडमध्ये आले. आत्याबाई आधी संकोचल्या, मग डोळे मिटून मांडीवर सावकाश टाळी देऊ लागल्या. आवाज थकलेला होता, पण लय अशी संथ, की माझ्या आतली भुकटी निवांत वितळली, कोपऱ्याकोपऱ्यांत पोचली, आणि तिचे कण घाई न करता एकमेकांकडे वळले. मधल्या कडव्यापाशी बिरप्पाने मला सैल करून सुस्कारा टाकू दिला. पुन्हा आवळले. दार नको उघडू, सखे, दार नको उघडू. शेवटचे धृपद झाले तेव्हा मुकुंदराव घड्याळाकडे पाहत म्हणाले, "आता."

ती टोपी उकळत्या पाण्यात पडली आणि जशी गेली तशी बाहेर आली, काळीभोर. मडिवाळप्पांनी ती टेबलावर टाकली. खण्ण.

"हं. ही टोपी," ते म्हणाले, आणि दुसरी उचलून म्हणाले, "हा पापड."

कुणीतरी हसायला हवे होते. कुणी हसले नाही.

मुकुंदराव बिरप्पाकडे न पाहता म्हणाले, "पद संपलं की उघड, असं मीच सांगितलं होतं."

"आन चाल म्या बदलली," बिरप्पा म्हणाला. "चाल बदलू नगंस, आसं कुनी बोललं न्हवतं."

"पदाच्या चाली बदलतात हे मला कुठं ठाऊक?"

"म्हणून म्हणते, कीर्तनाला येत जा," आत्याबाई म्हणाल्या, आणि पन्ह्याचा पहिला पेला त्यांनी मुकुंदरावांना न देता मायाक्कापुढे धरला.

मडिवाळप्पांनी साहेबाची समजूत घातली. मुकुंदराव आणि बिरप्पा यांनी मागखात्यात जाऊन एकेक टोपी बदलली. शरणम्माच्या बोटांत हळूहळू जाणीव आली, तरी गार पाण्यात हात घातला की करंगळी झिणझिणते, असे ती पुढे सांगत असे. मुकुंदराव अधूनमधून तिची विचारपूस करायला जात. तेवढे एक कच्चे काम त्यांना बदलून देता आले नाही.

घड्याळ मात्र त्या दिवसापासून खिशात गेले नाही. धूळ लागू नये म्हणून लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ते माझ्यासमोर टांगले गेले. बिरप्पा गातच राहिला, हव्या त्या चालीवर. डोळा फक्त बरणीवर.

सगळे पूर्वीसारखे झाले, असे मी म्हणालो असतो. पण रोज संध्याकाळी घरी जाताना मायाक्का मुकुंदरावांसमोर उभी राहायची आणि पदर दोन्ही हातांनी पसरून झटकायची. कुणी सांगितले नव्हते. बोलायची नाही, तोंड वाकडे करायची नाही. पदर झटकायची आणि जायची. मुकुंदराव पहिल्यांदा म्हणाले, "मायाक्का, हे कशाला?" ती म्हणाली, "बरं आसतं की, मालक." त्यानंतर ते खाली पाहू लागले. कानशीखालचा भुसा ढीग होऊन कोपऱ्यात साठला, आणि तिच्या घरी उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग लागली, असे बिरप्पा एकदा आत्याबाईंना सांगताना मी ऐकले.

वर्षे गेली. विजेवर तापणारे मोठे दाबयंत्र आले. त्याचा साचा एका दमात कितीतरी टोप्या काढायचा. मला फळीवर ठेवले. कुणी तेलाचा हात फिरवेना. ज्या चकचकीत अंगामुळे टोपीत खिडकी दिसायची त्यावर तांबूस गंज चढला, आणि गंज आला की मीही स्वतःवर संशय घेऊ लागलो, की आता दिव्यासमोर धरले तर उजेडाची रेघ दिसेल. वस्तू कामातून जाते तेव्हा तिला आधी हेच भय वाटते.

एके दिवशी मुकुंदरावांनी मला खाली घेतले. स्वतः घासले, तेल लावले. मग कोपऱ्यातला काळा भुसा माझ्या वाटीत काठोकाठ भरला, वर दट्ट्या बसवला, मला उपरण्यात बांधले आणि चालत बिरप्पाच्या घरी गेले. मायाक्का दारातच होती. त्यांनी मला उंबऱ्यावर ठेवले.

"मुंग्या फार झाल्या असतील," ते म्हणाले.

"व्हय मालक. लई झाल्या," ती म्हणाली.

तिने मला आत घेतले. माझा दट्ट्या अजून तिच्याकडेच आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ती तो दाराला लावते. दार राखण्याचे त्याचे काम सुटलेले नाही. वाटी मात्र भुसा संपल्यावर तिने लखलखीत घासली आणि राममंदिरात दिली. आता माझ्यात बुक्का असतो. कीर्तनात बुवा माझ्यात बोट बुडवून श्रोत्यांच्या कपाळी लावतात. ज्याने उभा जन्म संशयात काढला, त्याला शेवटी ही जागा मिळाली. रामाची कृपा म्हणायची, दुसरे काय?

मित्रांनो, संशय घेऊ नका असे मी तुम्हांला सांगणार नाही. माझ्यासारख्याने ते सांगणे शोभणार नाही. नवे द्रव्य घडवायचे तर संशय हवाच. तापाचा, वजनाचा, वेळेचा, आणि सगळ्यांत जास्त, ज्यावर आपला पक्का भरवसा बसला आहे त्याचा. काटा पुन्हा पाहा. घड्याळ पुन्हा पाहा. पद गोड असले तरी चाल मोजा. पण माणसाच्या पदराची गाठ सोडायला लावण्याआधी हे सगळे एकदा नव्हे, दोनदा करा. कच्ची निघालेली टोपी दुसरी करता येते. झटकलेल्या पदराचे तसे नसते. आणि हो, काम संपल्यावर आम्हां साच्यांना तेलाचा हात लावायला विसरू नका.

परवा रामनवमीला मंदिरात गर्दी होती. मुकुंदराव आता चपलांपाशी, बिरप्पाच्या शेजारी बसतात. पाळण्याचे पद झाले. कुठल्या चालीवर, ते मी सांगत नाही, नाहीतर पुन्हा वाद निघेल. बायका बुक्क्याला पुढे आल्या. मायाक्काने कपाळाला बुक्का लावला, मग इकडेतिकडे पाहून माझ्यातून आणखी एक चिमूट घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली, घरच्या देवासाठी. दाराकडे जाताना ती मुकुंदरावांच्या समोर आली. क्षणभर थांबली. त्यांची मान सवयीने खाली गेली.

पदर तिने झटकला नाही. गाठ तशीच ठेवून ती घरी गेली.